सुईवाले, मोहरीवाले आणि आमचे सर

आमच्या घरमालकांनी वरच्या खोल्या भाड्याने देण्याआधी आम्हाला आठवडाभर नमुना म्हणून राहायला सांगितलं होतं. त्या आठवड्यात रोज सकाळी माझी बायको मिक्सर लावायची तेव्हा ते खाली बैठकीत डोळे मिटून बसायचे आणि आवाज किती येतो ते पाहायचे. आठव्या दिवशी वर आले आणि म्हणाले, "मिक्सर चालते. तुमचं पोरगं पायऱ्या उड्या मारत उतरते, थे तेवढं पाहा." एवढं बोलून किल्ली कायमची आमच्या हातात दिली. वाशीममध्ये आम्ही स्वतःचं घर बांधेपर्यंत त्यांच्याच घरात राहिलो.

ते शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. गल्लीतले सगळे त्यांना सर म्हणत, आम्हीही. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कायच्या जोरावर म्हणता?" कोणी म्हणालं की यंदा थंडी जास्त आहे, तर सर विचारायचे, कायच्या जोरावर म्हणता? कोणी म्हणालं की अमक्या दुकानाची तूरडाळ लवकर शिजते, तर दुसऱ्या दिवशी सरांच्या गॅसवर तीन दुकानांची डाळ तीन पातेल्यांत असायची आणि काकू बाहेर पायरीवर बसून स्वयंपाकघर मोकळं व्हायची वाट पाहायच्या. डासांच्या तीन प्रकारच्या कॉइल आणून सर तीन संध्याकाळी बाह्या वर करून बसले होते. चौथ्या दिवशी त्यांना ताप आला. तो कोणत्या कॉइलमुळे आला हे कळायला मार्ग नाही, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

मी कृषी खात्यात आहे. पीक कापणी प्रयोग म्हणजे शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं आणि त्यावरून तालुक्याचं उत्पन्न काढायचं. माझं काम त्या आकड्यांचं. त्यामुळे सरांना मी भाडेकरूपेक्षा साथीदार वाटायचो. माझ्या बायकोला मात्र आम्ही दोघं सारखेच रिकामे वाटायचो.

सर स्वतः चांगले जाडजूड होते. एकशे बारा किलो. त्याविषयी कोणी बोललं तर म्हणायचे, "ह्यात तपासण्यासारखं काय आहे? दिसूनच राह्यलं ना." काकू चौऱ्याऐंशी किलोच्या होत्या. सरांचं वजन सरांना जड होत नव्हतं, पण काकूंचं त्यांच्या गुडघ्यांना होत होतं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की सात-आठ किलो उतरवा, गुडघे आपोआप बोलायचे थांबतील.

काकूंचं खरं दुःख गुडघ्यांचंही नव्हतं, खुर्चीचं होतं. त्यांचं माहेर कामरगावचं. तिथे त्यांच्या भावाच्या घरी कार्य असलं की अजूनही अंगणात खाली पंगत बसते. तिथल्या आधीच्या एका लग्नात काकूंना खाली बसता येईना, म्हणून भाच्याने प्लास्टिकची खुर्ची आणून दिली आणि पंगतीच्या टोकाला, सगळ्यांच्या डोक्यावर बसल्यासारखं त्यांनी मांडीवर ताट घेऊन जेवण केलं. वाढणारे खाली वाकून वाढत पुढे गेले आणि त्यांना विसरले. घरी आल्यावर त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "खुर्चीवर जेवलं म्हंजे मानूस पाहुणं होते. माह्या भावाच्या आंगनात मी पाहुणी?" आता त्याच भावाच्या मुलीचं लग्न थंडीत ठरलं होतं. काकूंनी जाहीर केलं होतं की खाली पंगतीत बसता आलं तरच जाईन, नाहीतर आहेर पाठवून देईन. त्या बोलल्या तसं करणाऱ्या होत्या, म्हणून भावालाही काळजी होती.

अशात मंगरूळपीरचे एक भाई आठवड्यातून दोनदा वाशीमला येऊन बाजाराजवळच्या एका माडीवर बसू लागले. त्यांच्या घरी शिवणकामाचं दुकान होतं, पण ते मुंबईला राहून ॲक्युपंक्चर शिकून आले होते. बाहेर पाटी होती, तीत वजन, गुडघे आणि झोप असे तीन शब्द मोठे होते. काकूंनी पाटी पाहिली आणि घरी येऊन विषय काढला. सर म्हणाले, "कायच्या जोरावर?" काकू म्हणाल्या, "पाटीच्या." सरांनी त्याच दिवशी चप्पल घातली आणि मला घेऊन भाईंकडे गेले.

सरांची योजना सरळ होती. चौदा जाड माणसं घ्यायची. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. सात जणांना कानावर जिथे वजनाची सुई लावतात तिथे सुई लावायची आणि सात जणांना मुद्दाम चुकीच्या जागी. कोणाला कुठली हे त्यांना सांगायचं नाही. थंडी सुरू होईपर्यंत दोन्ही गटांचं वजन करत राहायचं आणि फरक पाहायचा. भाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नकार दिला. म्हणाले, "मास्तरजी, तपासा, माझं काही म्हणणं नाही. पण चुकीच्या जागी सुई माह्या हातानं लागणार नाही. मायावाले अब्बा मुद्दाम वाकडी शिलाई मारतीन काय?"

सर दोन दिवस अस्वस्थ होते. मग त्यांनी मोहरी शोधून काढली. सुईऐवजी दुसऱ्या गटाच्या कानावर कुठेही एक मोहरीचा दाणा चिकटपट्टीने लावायचा आणि हाही उपचारच आहे असं सांगायचं. भाई म्हणाले, मोहरीला माझी हरकत नाही, कारण मोहरीने काही होत नाही. सर म्हणाले, थेच पाह्यचं आहे.

माणसं मिळायला वेळ लागला नाही. कापडवाले शेठ आले, शाळेतल्या दोन बाई आल्या, पोस्टातले एक जण आले, आणि बाकी गल्लीतले होते. माझ्या बायकोलाही सरांनी विचारलं. ती म्हणाली, मला माझं वजन ब्लाऊजवरून कळतं. चिठ्ठ्या मी काढल्या. काकूंच्या नावाला मोहरी आली.

चिठ्ठी काकूंच्या समोरच निघाली होती, त्यामुळे लपवण्यासारखं काही राहिलं नाही. त्यांनी सरांना फक्त एकदा सांगून पाहिलं की मला सुईत टाका. सर म्हणाले, मग चिठ्ठ्यांना अर्थ काय? त्यानंतर बरेच दिवस त्या सरांशी माझ्यामार्फत बोलत होत्या. सर समोर बसलेले असायचे आणि काकू मला म्हणायच्या, "भाऊ, त्याईले सांगा, चहा झाला." सर मला म्हणायचे, "भाऊ, तिले सांगा, साखर कमी टाक." चहा दोघांच्या मध्ये माझ्याच हातात गार व्हायचा.

आता वजन कशावर करायचं हा प्रश्न होता. माझ्याकडे घरातला काटा होता, पण तो खोलीच्या चार कोपऱ्यांत चार वजनं दाखवायचा. सरांनी तो एका दुपारीच निकालात काढला. वाशीममध्ये दरवर्षी सरकारी शिक्का बसून येणारा काटा कुठे असेल तर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, असं त्यांचं म्हणणं पडलं आणि ते बरोबरही होतं. एक अडते त्यांचे विद्यार्थी होते. त्यांच्या दुकानात सोयाबीनची पोती तोलण्याचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा होता. लिलाव आटोपल्यावर दुपारी तुम्ही माणसं तोला, असं त्यांनी सांगितलं आणि आपला मापारी आम्हाला दिला.

मापारी म्हणजे माल तोलून आकडा पुकारणारा माणूस. हा म्हातारा गृहस्थ जन्मभर तेच करत आलेला होता. पोतं काट्यावर आलं की तो समोरचा आकडा पाहायचा, मनात बारदाना, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, कापायचा, मालात ओल असली तर तीही कापायचा आणि उरलेला आकडा लांबवर ऐकू जाईल असा पुकारायचा. काट्याचा आकडा त्याच्या बाजूला असायचा. मोंढ्यात मापाऱ्याच्या खांद्यावरून आकडा बघत नाहीत. तसं केलं तर त्याला तोंडावर चोर म्हटल्यासारखं होतं आणि मग तो काम सोडून उठतो. म्हणून मी समोर पोत्यांच्या थप्पीवर बसून तो पुकारेल ते लिहून घ्यायचो. सर शेजारी उभे राहून प्रत्येकाला श्वास सोडायला लावायचे.

पहिल्या वेळी ऊन होतं, लोक पातळ कपड्यांत आले होते. पुढे दिवस बदलत गेले, हवा गार होत गेली आणि वजनं उतरू लागली. शेठचं उतरलं, बाईंचं उतरलं, पोस्टातल्यांचं उतरलं. सुईवाले खूश झाले. पण मोहरीवाल्यांचंही तेवढंच उतरत होतं. शेवटच्या वजनाला काकूंचा आकडा ऐंशी पुकारला गेला. चौऱ्याऐंशीवरून ऐंशी. काकूंनी काट्यावरूनच सरांकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "भाऊ, त्याईले सांगा."

भाई मात्र हादरले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की मोहरीने उतरत असेल तर मी मुंबईला कशाला गेलो? सर त्यांना समजावत होते की निष्कर्ष काढायची घाई करू नका. पण सरांचा आवाजच सांगत होता की ते स्वतः निष्कर्षाच्या दारात उभे आहेत. दोन्ही गट मिळून चौदाच्या चौदा माणसं उतरली होती. सरांच्या आयुष्यात इतकं एकमताने काहीच झालं नव्हतं.

त्या आनंदात शेठ म्हणाले, "सर, आता तुमीच चढा काट्यावर." सर आधी नाही म्हणाले. तपासणारा तपासात नसतो, असं त्यांचं तत्त्व होतं. पण लोकांनी ऐकलं नाही. थंडीमुळे सरांच्या अंगावर कोट होता, गळ्यात मफलर होता, पायात बूट होते. ते तसेच काट्यावर चढले. मापाऱ्याने आकड्याकडे पाहिलं, क्षणभर ओठ हलवले आणि पुकारलं, "एकशे आठ."

सर काट्यावरून उतरले नाहीत. म्हणाले, "मी सकाळीच दवाखान्यात बीपी दाखवून आलो. याच कपड्यांत. तठी एकशे बारा भरलो. सकाळपासून चार किलो कोठी गेलो मी?"

मापारी म्हणाला, "जाल कायले सर? एकशे बाराच आहा तुमी."

"मंग एकशे आठ काहून पुकारलं?"

"बारदाना नाही कापाव काय? कोट आहे, मफलर आहे, बूट आहे. तीन तिथंच गेले."

"आन चौथा?"

"थो तुमच्या मानाचा. तुमी सर आहा."

सर अजूनही काट्यावर उभे होते. त्यांनी मापाऱ्याला शांतपणे विचारलं की बाकीच्यांचंही असंच कापलं का? तो म्हणाला, कापणार नाही तर काय कपड्याच्या भावानं माणूस मोजू? उन्हात सगळे नुसते आले होते, तेव्हा काही कापलं नाही. मग शाली आल्या, स्वेटर आले, तसतसं कापत गेलो. स्वेटर कुणाचा किती भारी हे त्याने अंदाजाने ठरवलं होतं, आणि जो माणूस त्याला आवडला त्याचा स्वेटर जास्त भारी भरला होता. शेठचं सगळ्यात जास्त का उतरलं, असं सरांनी विचारलं. मापाऱ्याने शेठकडे बोट केलं. "त्याईले घाम किती येते पाहा ना. ओल नाही धराव?"

शेठ रुमालाने कपाळ पुसत होते, ते थांबले.

मला वाटलं होतं सर चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी मापाऱ्याचे आभार मानले, आणि ते मनापासून मानले, कारण त्यांच्या मते चूक सापडणं हाही निकालच होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शाली-स्वेटर उतरवून पुन्हा तोललं. आकडा या वेळी मापाऱ्याच्या परवानगीने सरांनी पाहिला. सुईवाले सरासरीने अर्धा किलो उतरले होते आणि मोहरीवाले त्याहून किंचित जास्त. मी सरांना सांगितलं की एवढा फरक तर एकाच माणसाचं जेवणाआधी आणि जेवणानंतर वजन केलं तरी येतो. यावर काही लिहिता येणार नाही. सर म्हणाले, "लिहिता येते. वजन उतरते हे सिद्ध झालं नाही, असं लिहिता येते." काकू त्र्याऐंशी भरल्या. पण त्यांना आकडा कोणी सांगितला नव्हता आणि त्या घाईने स्वयंपाकाला निघून गेल्या होत्या.

सांगणं भाग होतं. लग्न तोंडावर आलं होतं, आणि मापाऱ्याने कापलं ते दुसऱ्यांचं, असं धरून काकू चार किलो उतरल्याच्या भरवशावर तयारी करत होत्या. वाटेत मी सरांना सुचवलं की लग्न होऊन जाऊ द्या, मग सांगा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तालुक्याचं उत्पन्न खिशातून काढून लिहिलं आहे.

काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. ओट्यावर मेथीची जुडी होती. सर दारातच थांबले आणि म्हणाले की काल मापाऱ्याने जे सांगितलं ते सगळ्यांना लागू आहे. सुईनं वजन उतरते हे सिद्ध झालं नाही. मोहरीचं तर सवालच नाही.

काकूंनी विचारलं, "आन मायं?"

"तुयं एक किलो. त्याचाही भरवसा नाही."

काकूंनी मेथीची जुडी उचलली, एका हाताने ओटा धरला आणि हळूहळू, आधी एक गुडघा मग दुसरा, असं करत खाली फरशीवर मांडी घालून बसल्या. मी त्यांना खाली बसलेलं प्रथमच पाहत होतो. जुडी सोडत त्या म्हणाल्या, "माये गुडघे काय मापाऱ्याले इचारून वाकतात?"

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. मोहरी लागली त्याच आठवड्यात काकूंनी भाईंकडे जाऊन गुडघ्याची सुई सुरू केली होती आणि दर खेपेला त्या माडीवर घेत आल्या होत्या. मोंढ्यात वजनाला जाताना सगळे ऑटोने जात, पण सरांशी बोलणं बंद असल्यामुळे त्यांच्यासोबत ऑटोत बसायचं नाही म्हणून त्या पायी जायच्या. पुढे पायी जायची सवयच लागली होती.

सर म्हणाले, "हे मले आधी काहून नाही सांगतलं? सारा तपास बिघडवला ना."

"तुमी वजनाची सुई घ्यायची नाही म्हनलं होतं. गुडघ्याचं नाव कोनी काढलं?"

हे खरं होतं. सरांनी वजन तपासलं होतं. गुडघा तपासलाच नव्हता. ते दारातल्या स्टुलावर बसले आणि विचार करू लागले. मग त्यांनी विचारलं की तुला बरं वाटलं ते सुईनं, का चालण्यानं, का चार किलो उतरले या खुशीनं? काकू म्हणाल्या, मला काय करायचं आहे त्याचं. सर उत्साहाने पुढे वाकले. "असं कर, एक महिना चालणं बंद कर. सुई चालू ठेव. मंग पाहू." काकूंनी अर्धी मेथी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "काड्या येगळ्या करा." कित्येक दिवसांनी दोघं माझ्याशिवाय थेट बोलत होती, म्हणून मी तिथून निघालो.

पण सरांना एक चिंता लागून राहिली, ती त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितली. ओटा धरून बसणं वेगळं. ओटा धरून उठणं वेगळं. कामरगावच्या अंगणात ओटा नाही. ती बसेल आणि उठता आलं नाही तर साऱ्या माहेरासमोर चार माणसं लावून उठवावं लागेल, आणि मग ती परत कधी माहेरी खुर्चीवर बसायलासुद्धा जाणार नाही. हे सांगताना त्यांनी "कायच्या जोरावर" असं स्वतःलाच विचारलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

लग्नाला त्यांनी आम्हालाही नेलं. कामरगावात बायकांची पंगत वेगळी बसते. दुपारी अंगणात पट्ट्या अंथरल्या गेल्या, पत्रावळी मांडल्या गेल्या. भाच्याने प्लास्टिकची खुर्ची आणलीच होती. काकूंनी ती त्याच्या हातातून घेतली आणि त्याच्याच बुडाखाली सरकवली. मग पट्टीवर आपल्या वहिनीशेजारी बसल्या. माझी बायको पलीकडे बसली होती. मी पाण्याचा जग घेऊन उभा होतो, म्हणून मला सगळं दिसत होतं.

काकू बसल्या तोच सर बायकांच्या पंगतीत शिरले आणि काकूंच्या दुसऱ्या बाजूला धप्पकन बसले. बायकांत एकच खसखस पिकली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमची पंगत तिकडे." सर म्हणाले, "मले ठाऊक आहे." आणि काकूंना फक्त ऐकू जावं अशा आवाजात बोलले, पण त्यांचा हळू आवाजही दोन घरं ऐकतात. "उठताना माह्या खांद्यावर हात ठेवजो."

वरण-भात झाला, पोळी आणि वांग्याची भाजी झाली, बुंदी झाली. काकू पोटभर जेवल्या. सर घास घेत नव्हते, काकूंच्या गुडघ्यांकडे पाहत होते. पंगत उठायची वेळ झाली. बायका एकेक करून उठू लागल्या. सरांनी आपला डावा खांदा थोडा खाली केला. काकूंनी हात जमिनीवर टेकला, एक गुडघा वर घेतला, जरा थांबल्या. मग दुसरा पाय खाली रोवला आणि उभ्या राहिल्या. खांद्याला त्यांनी बोटही लावलं नाही.

सरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतः उठायला गेले आणि जिथल्या तिथे राहिले. पुन्हा एकदा जोर केला. एकशे बारा किलोचा माणूस कित्येक वर्षांनी खाली बसला होता, याचा आमच्यापैकी कोणीच विचार केला नव्हता. मी जग ठेवून धावलो, भाचा खुर्ची सोडून धावला. सरांनी हाताने आम्हाला थांबवलं आणि म्हणाले, थोडा वेळ बसू द्या, पाय जागे होतील.

तेवढ्यात बायकांची दुसरी पंगत बसली, सरांच्या दोन्ही बाजूंनी. पत्रावळी मांडणाऱ्या मुलीने मधे माणूस दिसला म्हणून त्यांच्या पुढ्यातली जुनी उचलून नवी ठेवली. वाढणाऱ्यांमध्ये या वेळी काकू होत्या. पदर खोचलेला होता, हातात बुंदीचं भांडं होतं, आणि त्या ओळीने वाकत, वाढत, नावं घेत येत होत्या. सरांपाशी आल्यावर थांबल्या. सरांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"आताच जेवलो ना मी."

"कोनी पाह्यलं? तुमी तं गुडघे पाहून राह्यले होते. हात काढा."

सरांनी हात काढला.